काटा किती?

घाडगेकाकांनी मला कधी नमस्कार केला नाही. सकाळी लॅबच्या दारातून आत आले, की खांद्यावरची पिशवी खुंटीला लावायच्या आधी विचारायचे, "काटा किती?"

मी म्हणायची, "सहा." मग त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "साडेपाच" म्हटलं, की पिशवी तशीच टेबलावर पडायची आणि त्या दिवशी लॅबमध्ये कुणाचं काही खरं नसायचं.

ग्वाल्हेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी झाडू-पोछा करते. ही लॅब माझ्याकडे आहे. अर्ध्या खोलीत तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं आहेत, अर्ध्या खोलीत हवेच्या दाबावर चालणारी. बोटाएवढ्या नळीतून तेल जातं आणि पलीकडे मणभर वजन उचललं जातं. मुलंमुली त्यावर प्रयोग करतात, मॅडम शिकवतात. पण नळ्या जोडणं, उघडणं, त्यांना जपणं हे सगळं काकांचं. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले होते. काका म्हणायचे, "त्यांनी किल्ला राखला, मी नळ्या राखतो. माझं काम जास्त अवघड. किल्ल्याला छिद्र पडलं तर दिसतं."

कोपऱ्यात हवेची मोठी निळी टाकी आहे. तिच्यावर घड्याळासारखी तबकडी आणि एकच काटा. संध्याकाळी काका टाकी सहापर्यंत भरायचे, हवा भरायची मशीन बंद करायचे आणि घरी जायचे. सकाळी सगळ्यांत आधी मी येते, म्हणून काटा पहिल्यांदा मी बघायचा. तो सहावरच असला, तर रात्रभरात हवा कुठे निसटली नाही. खाली आला असला, तर कुठल्या तरी जोडातून गळते आहे.

हे काम माझ्याकडे दिलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "शिक्षण किती?"

मी खाली बघत म्हटलं, "चौथी."

"मग झालं. काटा दहाच्या पुढे जात नाही."

तेलाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. तेल गळलं तर फरशीवर डाग पडतो, ते लपून राहत नाही. हवेवर त्यांचा विश्वास नव्हता. हवा गळताना दिसत नाही, वास येत नाही, फक्त बारीक फुस्स आवाज येतो, आणि तोही चारजण बोलत असले तर ऐकू येत नाही. म्हणून गळती शोधायची असली, की काका वर्गासमोर उभे राहायचे आणि सांगायचे, "साँस रोको."

चाळीस मुलंमुली श्वास रोखून उभी. काका मान तिरकी करून एकेका नळीजवळ कान नेणार. एकदा एक मुलगा लालबुंद होऊन म्हणाला, "काकाजी, अब छोड़ दें?" काका त्याच्याकडे वळून म्हणाले, "लो, एक लीकेज तो यहीं मिल गया."

आवाज सापडला, की मग वाटी यायची. स्टीलची वाटी, तिच्यात साबणाचं पाणी, आणि दाढीचा जुना ब्रश. ते प्रत्येक जोडाला फेस लावायचे. जिथे फुगा येईल तिथे गळती. मुलं म्हणायची, काकाजी मशीनची हजामत करताहेत. त्यांची स्वतःची दाढी मात्र रविवारच्या रविवार व्हायची.

माणसंही ते तशीच तपासायचे. कँटीनमधला तिवारी एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायचा, तर "त्याचा वॉशर गेला आहे." मॅडम रागावल्या, तर "आधी दाब उतरू द्या, मग बोला." मला कुणासमोर बोलायला जमत नाही. घरीही लोक विसरतात की मी खोलीत आहे. काका एकदा मॅडमना म्हणाले, "या लॅबमध्ये एक ताईच तेवढ्या गळत नाहीत." माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी पोछा पिळायला बाहेर गेले.

काकांचा आणखी एक काटा होता. तो घरी, थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. काकूंची फुप्फुसं निकामी होत चालली होती. हवेतून प्राणवायू काढून देणारी मशीन आणली होती, तिच्या नळीवर त्या दिवसरात्र होत्या. बोटाला चिमटा लावला की त्यावर आकडा यायचा. काका दुपारी डबा उघडायच्या आधी घरी फोन करायचे. तिथेही तेच, "काटा किती?" काकू "ब्याण्णव" म्हणाल्या, तर पोळी खायचे. "सत्त्याऐंशी" म्हणाल्या, तर डबा तसाच बंद व्हायचा.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. बाहेर दुपारीसुद्धा धुकं होतं. आत पलंगाशेजारी ती मशीन घुरघुरत होती आणि दर थोड्या वेळाने फुस्स करून दम सोडत होती. तिची लांब नळी जमिनीवरून स्वयंपाकघरात गेली होती, कारण काकू नळीसकट ओट्याशी उभ्या होत्या. आणि काका गुडघ्यावर बसून, वाटी आणि ब्रश घेऊन नळीच्या जोडाला साबण लावत होते.

मला बघून म्हणाले, "श्श."

मी दारातच उभी राहिले.

काकू हसल्या. त्यांना हसताना धाप लागायची, तरी हसल्या. "ये ग. यांच्या घरी पाहुण्याचं स्वागत असंच होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा नळीला आंघोळ. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी काय बोलते ते यांना कधी ऐकू आलं नाही. नळी काय बोलते ते बरोबर ऐकू येतं."

काका फेसाकडेच बघत म्हणाले, "नळी मुद्द्याचं बोलते."

"बघ. आणि या मशीनच्या आवाजाने माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे मात्र घोरतात."

"ती चालू आहे तोवर मला झोप लागते," काका म्हणाले. "बंद पडली की मी जागा होतो. लाइट गेली की तिच्याआधी मला कळतं."

काकूंनी माझ्या हातावर हलव्याची वाटी ठेवली. त्यांची नखं निळसर दिसत होती. काकांनी ब्रश पुसला आणि मला सोडायला फाटकापर्यंत आले. तिथे म्हणाले, "जोड सगळे घट्ट आहेत, ताई. नळीत कुठेही गळती नाही. मी रोज बघतो." मग फाटकाची कडी सरकवत म्हणाले, "तरी काटा उतरतोच आहे."

फाल्गुनात काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं. काका तिथूनच लॅबमध्ये यायचे. मॅडम म्हणाल्या सुट्टी घ्या, तर म्हणाले, "भेटायला आत सोडतात ते संध्याकाळी. तोवर बाकावर बसून काय ऐकू?"

त्या आठवड्यातल्या एका सकाळी काटा साडेचारवर होता. इतका खाली मी कधी बघितला नव्हता. काका आले. मफलर अर्धा गळ्यात, अर्धा पाठीवर, पायात दोन वेगळे मोजे. दारातून विचारलं, "काटा किती?"

मी म्हटलं, "सहा."

का म्हटलं ते मला माहीत आहे. त्या दिवशी त्यांनी वाटी घेऊन गुडघ्यावर बसू नये असं मला वाटलं.

ते टाकीपाशी गेले. तबकडीकडे बघितलं, बोटाने तिच्यावर टकटक केलं. काटा हलला नाही. मला वाटलं आता ओरडतील. पण ते हळूच म्हणाले, "ताई, तिकडे दवाखान्यात मला सगळे सहाच सांगतात. नर्स सांगते, डॉक्टर सांगतात, मेहुणा सांगतो. एका जागी तरी खरा आकडा कळू द्या."

मग वाटी घेऊन बसले. गळती सापडायला दुपार झाली.

होळीनंतर चार दिवसांनी काकू गेल्या.

तेरावा झाल्यावर काका कामावर आले. घरातली मशीन परत गेली होती. कुणीतरी दुसरं वाट बघत होतं, असं ते म्हणाले. दाढी केलेली होती आणि रविवार नव्हता. काटा सहावर होता, मी तसं सांगितलं. वर्ग भरला तेव्हा कुणी सांगितलं नसताना मुलं गप्प उभी राहिली. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "साँस लो भई, आज सब ठीक है."

दोन-तीन आठवडे असे गेले. काकांचे डोळे लाल असायचे. हातातला पाना सुटून पडायचा. तिवारीने मला विचारलं, "काकाजी सोते नहीं क्या?" मला माहीत होतं. मी बादली उचलली.

मग एका सकाळी मी कुलूप उघडून आत गेले, आणि काटा शून्यावर होता.

मी तबकडीवर टकटक केलं, काकांसारखं. शून्यच. टाकीत हवा उरलीच नव्हती. मी मशीनचं बटण दाबलं, ते मला शिकवलं होतं. टाकी भरू लागली, आणि मागच्या भिंतीकडून आवाज आला. साबण लावायची गरजच नव्हती. चौथ्या जोडाचा नट दोन आटे सैल होता. तो आपोआप सैल झालेला नव्हता. पाना खाली फडक्याच्या घडीवर सरळ ठेवला होता, आणि पाना असा ठेवणारा माणूस या लॅबमध्ये एकच आहे. जवळच त्यांचं स्टूल भिंतीला टेकवलेलं होतं.

काका आले. "काटा किती?"

"रात्री शून्यावर आला होता, काका."

त्यांनी पिशवी खुंटीला लावली. मी पाना उचलला. "चौथा जोड आहे. घट्ट करते."

"राहू द्या," ते म्हणाले. "वर्ग यायला वेळ आहे. तोवर चालू राहू द्या."

ते स्टुलावर बसले, डोकं भिंतीला टेकलं. मशीन घुरघुरत होती आणि चौथ्या जोडातून हवा फुस्स करत जात होती. मी एक टेबल पुसून होईपर्यंत त्यांची मान कलंडली. तोंड जरा उघडं पडलं. काकू म्हणाल्या होत्या तसे ते खरंच घोरत होते.

साडेदहाला वर्ग आला. चाळीसजण, हसत, एकमेकांना ढकलत, पिशव्या टेबलांवर टाकत. मी हातात फडकं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. इतक्या माणसांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. माझ्या तोंडून आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"श्श," मी म्हटलं. "साँस रोको."

सगळे जागच्या जागी थांबले. पुढच्या एका मुलीने कान दिला, आणि अगदी हळू विचारलं, "आंटी, लीकेज है?"

मी मान डोलावली.