कलम सांगा, कलम!

बाकीच्या आमदारांच्या गाडीच्या डिकीत शाली, नारळ आणि हार असतात. आमच्या तात्यांच्या डिकीत चुन्याची फक्की असते. पुणे-नाशिक रस्त्यावर पांढरे पट्टे नसलेला स्पीडब्रेकर दिसला की तात्या ओरडतात, "संपत, गाडी थांबव!" मी त्यांचा पीए. मग विधान परिषदेचा हा सन्माननीय सदस्य कडक इस्त्रीच्या कपड्यांत भर रस्त्यात वाकून पट्टे मारतो, आणि मी मागं उभा राहून ट्रकवाल्यांच्या शिव्या खातो. एकदा एका पावण्यानं विचारलं, "कबड्डीचं सामनं हायेत का हितं?"

तात्या भडकले. "न्हाई, तुझी मयत टळावी म्हणून चाललंय!"

रागावणं हा तात्यांचा पूर्णवेळ धंदा, आणि त्याला तोंडी लावायला एकच वाक्य: "कलम सांगा, कलम!" निमगाव सावाला एका लग्नात वाढप्यानं आग्रहानं जास्तीची जिलेबी टाकली, तर त्यालाही विचारलं, "कोणत्या कलमाखाली?" बिचारा परात घेऊन पळाला.

सभागृहातही तेच. पोलिसांची मारहाण, कोठडीतली माणसं, उसाच्या ट्रॉल्यांना नसलेले रिफ्लेक्टर, सगळ्यावर तात्या बोलतात. घंटा वाजते, माइक बंद होतो, तरी बोलतात. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणतो, "तात्या, बास करा, बीपी वाढंल."

"वाढू दे! हप्त्याशिवाय दुसरं कायतरी वाढू दे ह्या राज्यात!"

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मेंढपाळांची मेंढरं चरायला कोकणात उतरायच्या वाटेवर होती. कळंबजवळ एक भरधाव कार भिवा मेंढक्याच्या कळपात घुसली. मेंढरं मेली, सगळ्यांच्या पुढं चालणारा मेंढाही मेला. कारवाला आरामात पुण्याला गेला, आणि पोलिसांनी चौकीत कुणाला आणलं? भिवाला! म्हणे, रस्त्यावर जनावरं सोडली. चोर सोडून संन्याशाला फाशी! चौकीसमोर त्याची बायको उरलेला कळप धरून रडत उभी होती. तिनंच हात करून आमची गाडी थांबवली.

तात्या चौकीत शिरले तेच ओरडत. "कलम सांगा!"

"साहेब, अटक नाही. नुसतं चौकशीला बसवलंय," फौजदार म्हणाले.

"बसवलंय? आवो, त्याला बसता येत न्हाई! पट्ट्यानं फोडलाय त्याला!"

भिवा खरंच भिंत धरून उभा होता, वर सरकलेल्या सदऱ्याखाली पाठीवर वळ दिसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारं माणूस हो! हात उचलताना लाज कशी वाटली नाही मेल्यांना? फौजदार कलम शोधत राहिले, तात्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि भिवा सुटला.

"आता तक्रार दे. कुणी मारलं, नाव सांग," तात्या म्हणाले.

भिवानं हात जोडले. "नको साहेब. पावसाच्या आधी ह्याच वाटंनं माघारी यायचंय."

"आरं, घाबरतोस कशाला? मी हाय ना!"

"तुमी मुंबैला असता, साहेब."

तात्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग इतक्या वर्षांत मी कधी न ऐकलेल्या खालच्या आवाजात फौजदारांना म्हणाले, "लिहून घ्या. तक्रारदार मी. ह्याच्या पाठीवरचं वळ मी बघितल्यात. कुणाला राग काढायचा आसंल, तर माझ्या दारात या."

बाहेर आलो तेव्हा दिवस कलला होता. पुढं चालणाऱ्या मेंढ्याविना कळप रस्ता ओलांडेना, आणि भिवाला तर पाऊल टाकवेना. ट्रक हॉर्नवर हॉर्न मारत होते. तात्यांनी चपला काढल्या, रस्त्याच्या मधोमध गेले, एक हात ट्रककडे केला आणि जिभेनं टकारा देत बारीक हाळी घातली, "हिर्रर्र... या या या..." त्यांच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली हे मी ऐकून होतो, पण हा आवाज त्यांच्याकडे असेल असं वाटलं नव्हतं. मेंढरांनी माना वळवल्या आणि एकामागं एक त्यांच्या पाठी निघाली.

मी चपला घेऊन पलीकडं गेलो. एक कोकरू तात्यांचा हात हुंगत होतं. तात्यांचे डोळे भरले होते.

"संपत, तिथं सभागृहात येवढी वरसं बोंबलतोय रं. येक जण मान वळवून बघत न्हाई." कोकराच्या डोक्यावरून ते हात फिरवत राहिले. "आन् ही बघ, लगीच आली."

मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो. तात्या काही येईनात.