भोईर मॅडम आणि डाळीची रीडिंगं

आमच्या ज्युनियर कॉलेजात बाकीचे शिक्षक मुलांची उत्तरं तपासतात. भौतिकशास्त्राच्या भोईर मॅडम प्रश्न तपासतात, आणि बहुतेक नापास करतात. प्रत्येकाने वर्षाला एक प्रयोग करायचा आणि त्याचा प्रश्न स्वतः शोधायचा, असा त्यांचा फतवा आहे. मुलं बिचारी गाईडातून उतरवून आणतात, लंबकाची लांबी वाढवली तर काय होतं वगैरे. मॅडम लाल पेनाने त्यापुढे 'मयत' लिहितात आणि खाली तारीख घालतात.

"याचं उत्तर मला ठाऊक हाय, तुला ठाऊक हाय, गाईडवाल्यालाबी ठाऊक हाय," त्या म्हणतात. "मग इचारतोस कोनाला?"

मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या दोन लॅबच्या मध्ये एक प्लायवुडचा पडदा आहे, त्यामुळे हे संवाद मला वर्षभर फुकट ऐकायला मिळतात. घराशेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, थरथरीने टेबलावरचा पेला किती वेळात कडेला येतो, हा प्रश्न पास झाला. वळ गावातल्या गोडाऊनचा पत्रा पांढरा रंगवला तर आत किती फरक पडतो, हाही पास झाला. फक्त तो मुलगा थर्मामीटर घेऊन पत्र्यावर चढला, तेव्हा खाली उतरवायला मला पाठवलं. ते काम बहुधा रसायनशास्त्रात येत असावं.

मॅडम राहनाळ गावच्या. भावांचे बंगले आहेत, मॅडम मात्र जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. कोणाच्याही घरी गेल्या की त्यांचा स्वभाव उफाळून येतो. माझ्या वास्तुशांतीला सगळ्यांनी फरशीचं कौतुक केलं. मॅडमनी पर्समधून गोटी काढून सोडली आणि घर कुठल्या दिशेला कललंय ते बायकोला सांगितलं. बायको अजून त्या कोपऱ्यात कपाट ठेवू देत नाही. मॅडमचं म्हणणं खरं निघालं, हे तर मला जास्तच लागलं.

यंदा नसरीन नावाची मुलगी होती. वडील लूमवर, आई घरी. तिचे चार प्रश्न ओळीने मयत झाले. पाचव्यांदा ती नुसतीच उभी राहिली. मॅडमनी विचारलं, घरात कशाची कटकट होते? नसरीन म्हणाली, "अब्बूचा डबा, मॅडम. शिफ्टमध्ये जेवायला बसेपर्यंत डाळ ठंडी होते. अम्मी कपडा लपेटते, तरी पण."

"किती कपडा?"

नसरीनला सांगता येईना. मॅडम खूश झाल्या.

मग सुरू झालं. नसरीन रोज घरून डाळ आणायची. ती बर्नरवर ठरावीक तापमानापर्यंत तापवायची, स्टीलच्या डब्यात भरायची, डब्याला लूमचं कोरं कापड गुंडाळायचं आणि मधल्या सुट्टीपर्यंत दर दहा मिनिटांनी तापमान लिहायचं. आज एक पदर, उद्या दोन. मी एकदा सुचवलं, की साधं पाणी वापरलं तरी चालेल. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "पानी कोन जेवतो, सर?"

रीडिंग संपलं की उरलेली डाळ मॅडम नसरीनला घेऊन खायच्या. अन्न टाकायचं न्हाय, हे कारण. एरवी त्या दुपारी खिडकीशी उभ्या राहून चार बिस्किटं खायच्या, चहा गार करून प्यायच्या. आता लॅबमध्ये दोन ताटल्या आल्या. विज्ञानाच्या इतिहासात शास्त्रज्ञांनी बरंच काही सोसलंय, पण प्रयोग खाऊन टाकणाऱ्या आमच्याच, असं मी स्टाफरूममध्ये म्हटलं. सगळे हसले. मलाही आवडलं माझं बोलणं.

चार पदरांनंतर फारसा फरक पडत नाही, हे महिनाभरात कळलं होतं. विज्ञान प्रदर्शनात मांडायच्या प्रयोगांच्या फायली गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्या आल्या, नसरीनची येईना. मॅडमना विचारलं की एकच उत्तर, रीडिंगं अपुरी हायेत. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी प्राचार्य माझ्यावर घसरले. मी तावातावाने निघालो.

नसरीन बाहेर नळावर चमचे धूत होती. मी विचारलं, अजून किती रीडिंगं राहिलीत?

तिने आधी लॅबच्या दाराकडे पाहिलं. "रीडिंग तर कधीच झालं, सर. फाइल बॅगेत आहे, फक्त सही पाहिजे." मग हळूच म्हणाली, "मॅडमची आई गेल्यापासून घरी कोणी नाही. त्या बनवतच नाहीत काही. सही मागितली तर उद्यापासून डबा काय सांगून आणू?"

मी आत गेलो. थर्मामीटर स्टँडला लटकत होता, डब्यापासून हातभर लांब. मॅडम दोन ताटल्यांत डाळ वाढत होत्या.

"बसा, सर. गरम हाय."

मी बसलो. डाळ खरंच गरम होती आणि तिला लसणाची फोडणी होती.  दोन घास झाल्यावर मी म्हटलं, "मॅडम, डाळीचं झालं. भाताचं काय? भात कोरडा. त्याला चार पदर पुरतील?"

नसरीन धुतलेले चमचे घेऊन आत आली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी नसरीनकडे हात पुढे केला, फाइल घेतली आणि सही केली.

"उद्यापासून भात," त्या म्हणाल्या.

प्रदर्शनात नसरीनला काही मिळालं नाही. परीक्षकांना दिव्यांचा ज्वालामुखी आवडला. भाताची रीडिंगं मात्र अजून चालू आहेत, आणि ताटल्या आता तीन लागतात.