क्रोएशिया, मुक्काम अभनपुर

वर्क परमिट मंजूर झाल्याचा ई-मेल आला, तेव्हा भास्कर ठवरे यांनी तो अर्धाच वाचला. पहिली ओळ अभिनंदनाची होती, आणि अभिनंदनाच्या पुढे काही वाचायची त्यांना आयुष्यात कधी गरज वाटली नव्हती. त्यांच्या बायकोने, मीनाक्षीने, पोळ्या लाटता लाटता सोबतचा कागदही उघडून बघा, असं सुचवलं.

"तुले काय समजते त्यातलं," असं म्हणून ते चपला घालून कॉलनीभर सांगायला गेले.

भास्करराव नवा रायपुरातल्या एका संस्थेत एसीची देखभाल करत. नोकरी कंत्राटी, पण तोरा सचिवाचा. क्रोएशियातल्या समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलाला मेकॅनिक हवा होता. एजंटामार्फत मुलाखत झाली, निवड झाली, आणि त्या दिवसापासून रायपुर त्यांच्या डोळ्यांत बारीक होत गेलं. तेलीबांध्याचा तलाव त्यांना डबकं वाटू लागला. नवा रायपुरचे रस्ते रुंद खरे, पण बसचा पत्ता नाही, तिकडे असं नसतं, असं ते सांगत. तिकडे कसं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. क्रोएशिया नकाशात कुठे आहे, हेसुद्धा मीनाक्षीनेच शोधून दाखवलं होतं.

त्यांनी राजीनामा दिला. साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमच्या हाताखाली काम करून माझ्या हाताला गंज चढला. रविवारी कॉलनीतल्या मराठी मंडळाने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. अध्यक्ष दिवाकर काकांनी दोन शब्द बोला म्हटलं, तर हे अर्धा तास बोलले. या गावात माणसाची कदर नाही, इथे राहणारा माणूस इथेच सडतो, असं ते समोर बसलेल्या, तिथेच राहणाऱ्या साठ माणसांना सांगत होते. मीनाक्षी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. गुरुवारी निघतो, असं सांगून भास्करराव व्यासपीठावरून खाली उतरले.

सोमवारी एजंटाने ई-मेलसोबतचा तो कागद उघडला. परमिट मारोती ठवरे या नावाने आलं होतं.

मारोती ठवरे हे भास्कररावांचे वडील. वय शहात्तर, रेल्वेतून निवृत्त, गुडघे गेलेले. एजंटाच्या ऑफिसातली मुलगी फॉर्म भरून देत होती, पण भास्कररावांनी तो तिच्या हातातून घेतला होता. या पोट्टीले काय इंग्रजी येते, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने, ठसठशीत अक्षरात, आपल्या नावाच्या जागी बापाचं नाव लिहिलं होतं. आता हॉटेलाने पुन्हा अर्ज करायचा. तीन महिने तरी लागतील, एजंट म्हणाला.

घरी हे कळल्यावर बाबा गुडघे चोळत उठून बसले.

"मलेच बोलावून राहिले, त मीच जातो," ते म्हणाले. "समुद्र पाहाचा राह्यला हाय माहा."

हसायची मीनाक्षीची फार इच्छा झाली, पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती आत निघून गेली. खरं सांगून टाका, दोन दिवस लोक हसतील, असं तिने रात्रीच्या जेवणाला सुचवलं. पण ज्या लोकांना कालच सडके म्हटलं, त्यांच्यासमोर हे कसं सांगायचं? म्हणून भास्कररावांनी दुसरी वाट काढली.

गुरुवारी ते ठरल्याप्रमाणे निघाले. कॉलनीच्या गेटवर हार घातले गेले. टॅक्सी विमानतळाचा फाटा सोडून सरळ पुढे गेली आणि तासाभरात अभनपुरला थांबली. तिथे मीनाक्षीच्या भावाचं, शालिग्रामचं, बियाण्यांचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत, खताच्या पोत्यांशेजारी, भास्कररावांचा परदेशवास सुरू झाला.

हाल मीनाक्षीचे झाले. शेजारच्या अंजनाबाई रोज विचारत. क्रोएशियात आता किती वाजले, थंडी किती, ते काय जेवतात, हे सगळं मीनाक्षीला तोंडपाठ ठेवावं लागे. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, महिनाभरात झाली. त्याचाच तिला जास्त राग येई. नवऱ्याने आपल्या घमेंडीचं ओझं बिनबोभाट तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि वर फोनवर तक्रार करत होता, की शालिग्रामच्या घरची भाजी पांचट असते.

बसून कंटाळा येतो म्हणून भास्करराव अभनपुरात फ्रीज दुरुस्त करू लागले, तोंडाला गमछा बांधून. दुसऱ्या महिन्यात एका लग्नघरी आइस्क्रीमचा फ्रीझर बंद पडला आणि त्यांना बोलावणं आलं. त्याच लग्नाला अंजनाबाई आल्या होत्या. गमछ्यातून त्यांनी ओळखलं नसतं. पण मेकॅनिकने फ्रीझर उघडला, आत पाहिलं आणि नाकातून आवाज काढला.

"इथल्या लोकाले अक्कलच नाही बाप्पा. तिकडे असं नसते."

अंजनाबाई तिथे एक शब्द बोलल्या नाहीत. आइस्क्रीम खाल्लं, रायपुरला आल्या आणि कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाऊन बोलल्या.

मीनाक्षीच्या तोंडावर मात्र कुणी काही म्हटलं नाही. उलट लोक एकाएकी तिच्याशी फार गोड वागू लागले. तिला कारण कळेना, आणि कळण्याआधीच नवं परमिट आलं. नाव बरोबर होतं. ते तिने स्वतः तीनदा वाचलं. व्हिसा झाला. भास्करराव अभनपुरहून परस्पर विमानतळावर गेले आणि खरोखरच उडाले. या वेळी हार घालायला कुणी नव्हतं.

पोचल्यावर त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर समुद्राचा फोटो टाकला. निळंशार पाणी, कडेला हे, छाती काढून. दिवाकर काकांनी लगेच लिहिलं, गंगरेलचं धरण छान आलंय. ते धरण अभनपुरहून तासाभरावर. खाली वीस जणांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई डबा घेऊन आल्या. बेसनाची ठेठरी आणि गोड खुर्मी होती. रविवारी त्यांचा जावई अभनपुरला जाणार होता.

"लपवू नको पोरी, सगळ्याले माहीत हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अडचण कोणाले येत नाही. आम्ही कोणी काही बोलत नाही. डबा तेवढा पोचवून देतो."

मीनाक्षीने तोंड उघडलं. व्हिसाचा शिक्का, विमानाचं तिकीट, काय काय दाखवता आलं असतं. मग तिला ती सत्काराची सभा आठवली, आणि तिने तोंड मिटलं.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "मीच नेऊन देते."

तो डबा तिने आणि बाबांनी चहाबरोबर संपवला. खुर्मी फार छान झाली होती. तेवढ्यात तिकडून व्हिडिओ कॉल आला. भास्करराव हॉटेलच्या गच्चीवर उभे होते, वाऱ्याने केस उडत होते, मागे बोटी होत्या.

"फोटो पाहून लोक काय म्हणून राहिले?" त्यांनी विचारलं. "जळत असतील."

"छे," मीनाक्षी बोटाला चिकटलेली साखर पुसत म्हणाली. "तुमची फार काळजी करतात सगळे. म्हणतात, जवळच आहे, येऊन जा म्हणा कधी."