साडूचं कॅलेंडर

"गणपतीच्या आत माझी लायब्ररी नेटवर असेल, आणि ऋषिकेशरावांच्या लायब्ररीचं नावसुद्धा कुणी काढणार नाही!" दाढीचा फेस गालावर असतानाच अजेयने आरशासमोर घोषणा केली.

"आधी गाल पूस," नूपुर म्हणाली.

नूपुर ही अजेयची बायको. ऋषिकेश तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे अजेयचा सख्खा साडू. दोघंही कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये, वेगवेगळ्या कंपन्यांत, वेबसाइटच बनवतात. अशा दोन साडूंना देवाने एका गावात ठेवू नये. ठेवलंच, तर सासरा तरी अबोल द्यावा! पण बालीगंजचे दिगंबरराव, बँकेतून निवृत्त झालेले, अबोल मुळीच नव्हते. दर रविवारी दोन्ही जावई जेवायला यायचे आणि पानात वरणभाताच्या आधी ऋषिकेशचं कौतुक पडायचं.

त्यात ऋषिकेशने बंगाली भेळेचं नाव देऊन 'झालमुडी' ही लायब्ररी काढली! म्हणजे वेबसाइटला लागणारी बटणं, याद्या, तारखांची कॅलेंडरं यांचा तयार संच. कुणीही फुकट उचलावा आणि आपल्या साइटवर बसवावा. तो जगभर लोक उचलू लागले. दिगंबररावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी ही बातमी मासळीबाजारातसुद्धा पोहोचवली. ते स्वतः शाकाहारी!

अजेय जळत होता. आडपडदा कशाला ठेवायचा? तव्यावरच्या पापडासारखा जळत होता. सासऱ्याने एकदा, फक्त एकदा, चारचौघांत आपल्या पाठीवर शाबासकीचा हात ठेवावा, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून त्याने 'मिसळ' नावाची स्वतःची लायब्ररी बनवायला घेतली. बटणं झाली, याद्या झाल्या, फक्त कॅलेंडर ऐकेना! फेब्रुवारी आला की ते सरळ बेशुद्ध पडायचं. शेवटी अजेयने झालमुडीतलं कॅलेंडर आपल्या लायब्ररीत जोडून घेतलं. ते फुकटच होतं, परवानगीचा प्रश्न नव्हता. वरून केशरी रंग फासला. "तात्पुरतं आहे. स्वतःचं जमलं की हे काढून टाकायचं," त्याने स्वतःला बजावलं, आणि गणपतीच्या गडबडीत मिसळ तशीच पब्लिश केली. नंतर ते साफ विसरला!

पुढे त्याने प्रचाराचा असा धडाका लावला, की निवडणुकीच्या उमेदवाराने धडे घ्यावेत. पुण्याच्या मावसभावाला गळ घातली. लिफ्टमध्ये अनोळखी माणसांना गाठलं. ऑफिसातल्या रजेच्या फॉर्मलाही मिसळच बसवली, आणि मिसळचं नवं व्हर्जन आलं की फॉर्मने ते आपोआप घ्यावं अशी सोय करून दिली.

मिसळ चालू लागली! पण झालमुडीच्या डाउनलोडचे आकडेही चढू लागले. आणि कसे? मिसळ जेवढी वाढायची, तेवढीच झालमुडीही वाढायची! अजेयला घास गोड लागेना.

"खोटे डाउनलोड विकत घेत असणार!"

"अरे, ऋषिकेशभाऊजी घासाघीस न करता भाजी आणतात. ते कसले लबाडी करतायत?" नूपुर म्हणाली.

"असेच लोक आतल्या गाठीचे असतात!"

दुर्गापूजेच्या आधीच्या रविवारी जेवण झालं, दिगंबरराव वामकुक्षीला गेले, आणि अजेयने पुराव्याचा लॅपटॉप काखेत मारून साडूला बाल्कनीत गाठलं.

"ऋषिकेशराव, हे शोभत नाही तुम्हाला!"

ऋषिकेशने शांतपणे आकडे पाहिले. मग मिसळ आतून उघडून पाहिली आणि हसला. त्या हसण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

"अजेय, तुझ्या मिसळीत माझं कॅलेंडर आहे. कुणी मिसळ घेतली की तिच्याबरोबर झालमुडीही आपोआप येते. एवढे दिवस तू माझाच प्रचार करतोयस रे!"

अजेयच्या कानांतून वाफा निघाल्या. लिफ्टमधली ती सगळी माणसं! तो मावसभाऊ! त्याने लॅपटॉप हिसकावला, ते कॅलेंडर उपटलं आणि जागच्या जागी नवं व्हर्जन पब्लिश केलं.

"थांब, ज्यांनी मिसळ वापरली आहे त्यांचं..."

"त्यांचं मी बघून घेईन!"

बघायची वेळ लगेचच आली. फोन वाजला. अजेयचे साहेब, घोषदा! त्यांचा आवाज असा होता की स्पीकरची गरजच नव्हती.

"अजेय! ए की कांड! छुट्टी के फॉर्म से कॅलेंडर गायब है! आज लास्ट डे है! पूरा ऑफिस पूजो की छुट्टी नहीं डाल पा रहा! मिसेस का दार्जिलिंग का टिकट हो चुका है, तुम समझते हो?"

कोलकात्यात माणसाचं काहीही अडवावं, पूजेची रजा अडवू नये. त्या गोंगाटाने दिगंबररावही उठून बाल्कनीत आले.

"काय झालं?"

"काही नाही बाबा," ऋषिकेश म्हणाला. "अजेयने माझं कॅलेंडर त्याच्या ऑफिसात बसवलं होतं. ते निघालं, म्हणून सगळे घाबरलेत."

अजेयने घाईघाईने साडूचं कॅलेंडर परत जोडलं. फॉर्म सुरू झाला, घोषदा शांत झाले. दिगंबरराव मात्र अजेयकडे टक लावून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते!

"अजेयराव, आज कबूल करतो. मला वाटायचं, तुम्ही ऋषिकेशरावांवर जळता. आणि तुम्ही तर गुपचूप त्यांचंच काम लोकांपर्यंत पोहोचवत होतात! सख्खा भाऊ करणार नाही हो एवढं!"

आणि त्यांनी अजेयच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच!

ऋषिकेश अजेयकडे बघत होता. दारात नूपुर उभी होती. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती, हे अजेयलाही कळत होतं. पण पाठीवरचा हात चांगला ऊबदार होता.

"त्यात काय बाबा," अजेय मान खाली घालून म्हणाला, "घरच्या माणसासाठी एवढं करावंच लागतं."

नूपुरला असा ठसका लागला, की तिच्यासाठी पाणी आणायला ऋषिकेशलाच धावावं लागलं.