न ठोकलेलं कलिंगड

घरात त्याचं कुणी ऐकत नसे. (कार्यालयातही ऐकत नसत, पण तिथे निदान पगार मिळत होता.) तो पंखा दुरुस्त करायला बसला की पंख्याबरोबर दिवाही जाई. भिंतीत खिळा ठोकला की खिळा तसाच राही आणि भिंत खाली येई. एका बाबतीत मात्र त्याचा शब्द शेवटचा होता : कलिंगड. फळ कानाशी धरायचं, बोट वाकडं करून टकटक करायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. गोड निघालं तर त्याची पारख, फिकं निघालं तर हवामान.

त्या शुक्रवारी कामावरून सुटायला उशीर होणार होता, म्हणून त्याने बायकोला फोन केला, “आजच्या दिवस कलिंगड तूच आण.” (लोक पायावर धोंडा पाडून घेतात, याने तो फोन करून मागवला.)

घरी येऊन बघतो तर टेबलावर नारळाहून जरासं मोठं, हिरवंगार काहीतरी.

“हे काय? कलिंगडाचं पिल्लू?”

“नवीन जात आहे. फ्रिजमध्ये मावतं, एका बैठकीत संपतं आणि आत बी नाही.”

“वाजवून बघितलंस?”

“नाही. उचललं आणि पिशवीत टाकलं.”

“असंच?”

“मग काय मुलाखत घेऊ त्याची?”

कलिंगड कापलं. साल कागदासारखी पातळ, आत लालबुंद, आणि गोडी अशी की साखरेने तोंड लपवावं. रस कोपरापर्यंत ओघळू देत मुलगी म्हणाली, “बाबा, आईला तुझ्यापेक्षा जास्त कळतं!”

त्याला ते झोंबलं. त्याहून झोंबलं ते हे, की त्याला आणखी एक फोड मागून घ्यावी लागली.

“नशीब असतं एकेकाचं,” तो तोंड पुसत बायकोला म्हणाला. “रविवारी तुझे आईबाबा जेवायला येताहेत ना? तेव्हा दाखवतो पारख कशाला म्हणतात ते.”

रविवारी सकाळी तो फळवाल्याकडे हजर. त्याच बारक्या कलिंगडांचा ढीग होता. त्याने एक उचललं, कानाशी धरलं, टकटक केलं. “कच्चं.” दुसरं. “पाणचट.” तिसऱ्याला नुसती मान हलवली. मागून एक बाई म्हणाल्या, “दादा, तुम्हाला यातलं कळतं का हो?”

(हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता.)

त्याने बाईंना एक निवडून दिलं. मग एका आजोबांना. मग एका जोडप्याला, जे तोवर आंब्यावरून भांडत होतं. रांग लागली. कुणीतरी त्याला बसायला स्टूल दिलं. रस्त्यावरची मोटार वाजली की तो हात वर करी आणि अख्खी रांग चिडीचूप होई. एक कलिंगड मात्र फिरून फिरून हातात येई आणि दर वेळी बद्द वाजे. शेवटी त्याने ते बाजूला सारलं. “हे कुणाला फुकटसुद्धा देऊ नका,” त्याने फळवाल्याला बजावलं.

रांग संपली. प्रसन्न चेहऱ्याने तो स्वतःसाठी निवडायला वळला. ढीग गायब होता. बाजूला सारलेलं ते एकच उरलं होतं.

“दुसरी नाहीत?”

“तुम्हीच तर संपवलीत, साहेब.”

त्याने ते पुन्हा कानाशी धरून वाजवलं. बद्द. “करा वजन,” तो शेवटी म्हणाला.

जेवणं झाली. त्याने कलिंगडावर सुरी चालवली. हवामानाबद्दल दोन वाक्यं त्याने मनात जुळवून ठेवली होती. सासरेबुवांनी पहिली फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले.

“वा! जावईबापू, काय कान आहेत हो तुमचे! असं कलिंगड मी आयुष्यात खाल्लं नाही.”

सासूबाईंनी मान डोलावली. बायकोसुद्धा म्हणाली, “मानलं बाई.” अब्रू वाचली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याची त्याला घरात चांगली सवय होती. पण मुलगी त्याचं बोट धरून म्हणाली, “बाबा, मला शिकव ना. हे कसं वाजत होतं?”

तिच्या त्या भाबड्या डोळ्यांपुढे त्याला थाप मारवेना.

“बद्द,” तो म्हणाला. “मी नापास केलेलं आहे हे. चांगली चांगली सगळी लोकांना निवडून दिली आणि हे एकटं उरलं. ही जातच गोड आहे गं. वाजवा, नाहीतर त्याच्यासमोर गाणं म्हणा, काही फरक पडत नाही.”

त्याने हळूच स्वतःची फोड उचलली. इतकी वर्षं तो पहिला घास परीक्षेच्या निकालासारखा खात आला होता. आज नुसता खाल्ला. दाताखाली बी आली नाही, मनात धाकधूक आली नाही. गार, गोड रस सरळ घशातून उतरला, आणि कलिंगड इतकं छान लागतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

“त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?” सासूबाई म्हणाल्या. “जावई शोधताना आमचंही असंच झालं. चांगली चांगली स्थळं लोकांनी आधीच उचलली होती. एकच उरलं होतं.”

सासरेबुवांना ठसका लागला. मुलीने उत्सुकतेने आईकडे पाहिलं. “मग आई, बाबा गोड निघाला का?”

आई शांतपणे फोड खात म्हणाली, “सांगते, गरापर्यंत पोचले की. अजून सालच चाललीय.”