म्हसाच्या जत्रेतला माणूस

"बायकोचं गुपित काढाया निसतं डोकं लागतं, नि ते देवानं मला दिलंय!" असे देवजी छाती फुगवून सांगे. गाव किन्हवली, नोकरी भातसानगरला धरणावर, आणि स्वभाव असा की कुरिअरवाल्याने दोनदा बेल वाजवली तर त्याचा पूर्वेतिहास तपासावा!

एकच गुपित मात्र पंचवीस वर्षे या डोक्याला दाद देत नव्हते. भांडण विकोपाला गेले की कमळ म्हणे, "म्हसाच्या जत्रेत तो मानूस भेटला नसता तर!" आणि ओठ घट्ट मिटून भाकरी थापू लागे. कोण माणूस? घोंगडीवाला? पाळणेवाला? की तिचा तो मामेभाऊ धर्मा?

म्हणून भाचा दीपेशने बंद पडलेल्या फ्रिजचे काळयंत्र सिद्ध केले, तेव्हा पहिला प्रवासी कोण हा प्रश्नच उरला नाही.

"मामा, एकच तास हां!"

"बास झाला! रंगेहाथ धरतो!"

पंचवीस वर्षांपूर्वीच्या जत्रेत, घोंगड्यांच्या ढिगाआड आपले चकाकते टक्कल लपवीत देवजीने दबा धरला. समोर एकोणीस वर्षांची कमळ उभी होती. जवळून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे तो असा रोखून पाही, की एका शेतकऱ्याने आपल्या बैलाचे दावे घट्ट धरले! तास सरत आला, कोणीच येईना. अखेर कमळच पुढ्यात येऊन उभी राहिली.

"ओ काका, मगाधरनं काय टकमक बघताव? कुठलं गाव?"

"कि... किन्हवली."

"मंग तितल्या देवजीला वळखत असाल! उद्या मला बघाया येतोय. कसा हाय ओ?"

देवजीला दरदरून घाम फुटला. सोयरिकीआधी मुलाच्या गावकऱ्याकडे चौकशी करण्याची रीतच होती; आणि आता त्याचा संसार, दोन मुले, सारे त्याच्याच जिभेवर येऊन ठेपले होते!

"सोन्यासारखा पोरगा!"

"संशयी तर नाय ना? तसा असंल तर आजच नकार धाडते."

पलीकडून जाणाऱ्या धर्मावरची नजर देवजीने महत्प्रयासाने काढून घेतली.

"छे गो! संशय म्हंजे काय, ते त्याला ठाव पन नाय! लय मायेचा. तुला फुलासारखी जपंल बघ!"

कमळ लाजली. तास संपला.

घरी परतताच त्याने विजयी मुद्रेने विचारले, "जत्रेतला तो मानूस टकला होता ना?"

"तुमाला कसं कळलं?" कमळ चकित झाली. "त्याच्या शब्दावर तर हो बोलले मी! एक नंबरचा खोटारडा. पन बोलला काय गोड!" आणि ती हसली. तसे हसू देवजीने पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते.

देवजीच्या कपाळाला आठी पडली.

"गोड म्हंजे?" त्याने दरडावून विचारले. "किती गोड?"