दामूमामांच्या बाटलीतली मनुका

साल एकोणीसशे पन्नास, मी सव्वीस वर्षांचा. आमच्या ठाकुर्लीत दामूमामा चहासुद्धा आधी हुंगायचे. कप नाकाखाली धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "घाई नको रे, त्याला जरा श्वास घेऊ दे." तोवर चहाचं पाणी व्हायचं.

मामा म्हणजे आमचे शेजारी. कल्याणला एका गोऱ्या रेल्वे साहेबाकडे ते खानसामा होते. साहेब विलायतेला परत जाताना त्यांना एक जुनी स्कॉच देऊन गेला. ती फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेली. हात कुणाला लावू देत नसत, गोष्ट मात्र सगळ्यांना ऐकवत.

"कैरीच्या बरणीत लिंबू घाल, लिंबाला कैरी लागते का नाय? तसंच हाय. पिंपात आधी शेरी, म्हणजे द्राक्षाची गोड दारू. ती काढून ही घातली. अठरा वर्षं झोपलीय त्यात. पयली लागते मनुका, मग जुनं लाकूड, शेवटाला संत्र्याची साल."

मग दारूबंदी आली. घरात बाटली ठेवणं गुन्हा झाला. नाक्यावरची पोरं मामांना टोचू लागली, "आता तरी काढा मामा. का नुसत्याच बाता?"

मामी गेल्यापासून माणूस तसाही गप्प झालेला. हे त्यांना फार लागलं. म्हणाले, "बाळूला चाखवतो. तो सांगेल ते खरं."

बाळू म्हणजे मी, चौथी नापास. पण माझ्या शब्दाला वजन होतं, कारण मी कुणाचं तोंड बघून बोलत नाही. सासऱ्याच्या घरची आमटी अळणी आहे, हे मी सासऱ्यालाच सांगितलेलं.

संध्याकाळी गेलो. मामांनी दोन ग्लास पुसले, ओतलं. रंग फर्मास, तांब्यासारखा. ते "घाई नको" म्हणतील म्हणून मी थांबलो, पण त्यांनी ग्लास नुसता पुढे सरकवला. मी घोट घेतला.

गार कोरा चहा.

मामा मामींच्या खाटेकडे बघत होते.

"दम्यानं तिला आडवं होता येत नव्हतं," ते म्हणाले. "गरम पाण्यात चमचाभर दिली की डोळा लागायचा. मी विचारायचो, मनुका लागली का गं? म्हणायची, लागली. संपली तेव्हा तिला कळू नये म्हणून चहा भरला. चहाच द्यायचो. तरी म्हणायची, लागली."

"आणि तुम्हाला कशी लागली होती?"

"मी कुठं चाखली? तिला कमी पडली असती. चव साहेबानं सांगितली तीच." ते ग्लास फिरवत राहिले. "अजून रोज चहा बदलतो, बघ. सवय झालीय. नाक्यावर काय सांगायचं ते सांग बाबा. तुला खोटं जमत नाय, ठाऊक हाय मला."

मी म्हटलं, "आधी पिऊ तरी द्या. घाई कसली?" आणि सावकाश ग्लास संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावरहाऊसला कामावर निघालो, तर नाक्यावर पोरं वाटच बघत होती.

"काय बाळूदादा, लागली का मनुका?"

"लागली," मी म्हणालो. "शेवटाला संत्र्याची सालसुद्धा. बाटली संपली आता, मामांना परत विचारायचं नाही." आणि चालू लागलो.